ओदिलचे पॉझिट्रॉन

तीन दिवस ओदिलचे पॉझिट्रॉन मोठ्या रिंगणात टिकत नव्हते, आणि तीन दिवस जो तो तिच्याकडे असा बघत होता, जणू ते तिनंच घरून नासवून आणले होते.

नव्वदचं साल होतं ते. त्या वेळी कंट्रोल रूममध्ये सिगारेट ओढायला कुणी बंदी घातली नव्हती. बटणं खरीखुरी होती. दाबली की बोटाला कळायचं. नोंदवही जाडजूड, कापडी पाठीची, आणि तिच्यात पेनानंच लिहायचं, खोडायचं झालं तर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता यायला हवं. पान फाडणं हे चर्चमध्ये थुंकण्यासारखं. बावीस वर्षांपूर्वी ओदिल मार्मियो तिथे आली तेव्हा बाई म्हणून तिला पहिल्यांदा टंकलेखनाचं टेबल दाखवलं होतं. आता पॉझिट्रॉन घडवून पुढे पाठवणारी सगळी साखळी, म्हणजे इंजेक्टर, तिच्या हाताखाली होती आणि सकाळच्या पाळीची ती प्रमुख होती.

इलेक्ट्रॉन मिळवणं काही कठीण नाही. दिव्याच्या तारेसारखी वस्तू तापवली की ते आपणहून उडतात. पॉझिट्रॉन हे त्यांचं उलट्या भाराचं भावंड. ते कुठे पडलेलं नसतं, घडवावं लागतं. इलेक्ट्रॉनचा जोरदार झोत टंगस्टनच्या ठोकळ्यावर आदळायचा, पलीकडून जो कचरा उडतो त्यातून चुंबकानं पॉझिट्रॉन वेचायचे, हजारात चारदोन हाती लागतात. मग ते साठवणीच्या छोट्या रिंगणात फिरवत ठेवायचे, वर आणखी घालायचे, आणखी घालायचे, अशी अकरा-बारा सेकंद साठवण झाली की तो बारीकसा पुंजका पुढच्या रिंगणात, तिथून त्याच्याही पुढच्या. प्रत्येक रिंगण आधीच्यापेक्षा मोठं, प्रत्येकात वेग चढता. शेवटी शेतांच्या आणि गावांच्या खालून गेलेल्या सत्तावीस किलोमीटरच्या त्या मोठ्या रिंगणात शिरायचं आणि समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनशी टक्कर द्यायची. जे ती टक्कर बघायचे त्यांचे फोटो छापून येत. दूध कुणी काढलं हे चीज खाणारा विचारत नाही, असं ओदिल म्हणायची.

दुधाचं ती उगीच म्हणत नसे. बाप फ्रान्समधल्या जेक्सकडच्या एका गावात अकरा गायींचा धनी होता. ती नऊ वर्षांची असताना गावच्या चीज डेअरीनं त्याचं दूध पाणचट ठरवून परत पाठवलं. पाणी खरं म्हणजे तपासणाऱ्याच्याच भांड्यात होतं, धुऊन निथळलं नव्हतं. तिनं स्वतः ते बघितलं होतं आणि बापाची बाही ओढून सांगितलंही होतं. बापानं टोपी हातात पिळली आणि दुधाचे डबे परत गाडीवर चढवले. त्यानंतर वर्षभर लोक त्याच्याशी बोलताना हसायचे. त्या टोपी पिळण्याचा राग ओदिलला तपासनीसाच्या रागापेक्षा जास्त काळ पुरला.

तर त्या गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता तिचा विभागप्रमुख आर्मां खाली आला. वीस वर्षांची ओळख. दोघं एकाच पाळीत बटणं दाबत म्हातारे होत चालले होते, मग त्याला वरचा मजला मिळाला. तो कॉफी घेऊन आला तेव्हाच तिला कळलं की बातमी वाईट आहे, कारण आर्मां कधी दुसऱ्याची कॉफी आणत नसे.

उद्या नऊ वाजता बैठक होती. मोठ्या रिंगणाच्या भरणीचं काम बघणारे डॉक्टर होल्टकाम्प अहवाल मांडणार होते. पॉझिट्रॉनचा झोत मुळातच फोफसा येतो, शंभरातले सात-आठच टिकतात, इलेक्ट्रॉन मात्र छान टिकतात, तेव्हा दोष साखळीच्या सुरुवातीला आहे, हातानं जुळवणी करणाऱ्या माणसांत आहे. यापुढे पॉझिट्रॉनची जुळवणी होल्टकाम्पांचा संगणक करील. ओदिलची बदली कागदपत्रांच्या विभागात.

"अहवालात नाव आहे माझं?" तिनं विचारलं.

आर्मांनं कपाकडे बघितलं. "आहे."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, बघू. ओदिल, आज दोन वाजता मंत्री येतायत. त्यांच्यासमोर टकरी दाखवता आल्या तर उद्या बोलायला तरी तोंड राहील."

"म्हणजे तू टोपी पिळलीस," ती म्हणाली. आर्मांला काही समजलं नाही, आणि तिनं समजावलंही नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण राग आला की ती जास्तच नेटकी होई. तिनं पाळीतल्या रुजेरोला हाक मारली. हा तोरिनोकडचा, बडबड्या, पण हात सोन्याचा. दोघांनी सगळी साखळी पुन्हा पहिल्यापासून तपासली. कमी ताकदीचा चाचणीचा पुंजका सोडला. आपल्या हद्दीच्या शेवटच्या टोकाला झोतातून बारीक तार सपकन फिरवली आणि कागदावर उमटलेला उंचवटा बघितला. सडपातळ, टोकदार. तीन दिवसांतला हा चौदावा कागद होता आणि चौदाही सारखे होते.

"इथपर्यंत वेलीसारखा बारीक येतो," रुजेरो म्हणाला, "आणि बोगदा ओलांडला की डुक्कर होतो. मधे त्याला खायला कोण घालतं?"

मधला बोगदा होल्टकाम्पांच्या माणसांचा होता. पॉझिट्रॉनसाठी एक, इलेक्ट्रॉनसाठी दुसरा. आणि फोफसेपणा फक्त पहिल्यात. ओदिलनं हे तीन दिवसांत दोनदा फोनवर सांगितलं होतं. दोन्ही वेळा तिला उत्तर मिळालं होतं की तुमची तार जुनी झाली असेल, मादाम. नाचता येईना, अंगण वाकडं.

ती गाडी काढून निघाली. मोठ्या रिंगणाची नवी कंट्रोल रूम सीमेच्या पलीकडे, फ्रान्सच्या बाजूला होती. नाक्यावरच्या शिपायानं न बघताच हात हलवला. उत्तरेचा बोचरा वारा, तिथली बीझ, सुटला होता, आणि मोहरीची पिवळी शेतं एका अंगाला पडली होती. त्यांच्याखालून आपला झोत जातो हे तिला दर वेळी आठवायचं. आज आठवलं तेव्हा तिनं गिअर असा बदलला की गाडी कण्हली.

नव्या खोलीत मंत्र्यांसाठी साफसफाई चालली होती. टेबलांवर फुलं, गालिच्याखाली तारा दडपलेल्या. डॉक्टर होल्टकाम्प उंच, नीटस, चाळिशीतले. माणूस हुशार होता, यात ओदिललाही शंका नव्हती. त्याच्या हुशारीत एकच खोट होती: पडद्यावर जे लिहून आलं तेच खरं, असं तो मानायचा.

"मादाम मार्मियो, तुमची जागा आता तुमच्या टेबलापाशी आहे," तो म्हणाला. "दोन तास राहिलेत."

"मला पडदे बघायचेत. बोगद्यातले."

झोत कुठे आहे ते बघायचं असेल तर नळीत एक पातळ पांढरी पट्टी सरकवतात; तिला सगळे पडदा म्हणतात. झोत तिच्यातून गेला की ठिपका चमकतो, कॅमेरा तो टीव्हीवर दाखवतो. काम झालं की पडदा बाहेर काढायचा, कारण झोत त्यातून आरपार जातो खरा, पण विस्कटून जातो. ओदिलच्या पाळीत जुनी रीत होती: जो पडदा आत घालील त्यानं आपली गाडीची किल्ली त्या टीव्हीवर ठेवायची. आणि बाहेर काढायचं बटण दाबलं म्हणून किल्ली उचलायची नाही. एक पुंजका जाऊ द्यायचा, ठिपका गेलेला डोळ्यांनी बघायचा, मग उचलायची. या रीतीला नव्या खोलीत गवळ्यांची पद्धत म्हणत. ओदिलनं ते ऐकलं होतं.

होल्टकाम्पनं तिच्यासमोर संगणकाचं पान उघडलं. नऊ पडदे, नऊ ओळी, प्रत्येकीपुढे हिरव्या अक्षरांत 'बाहेर'.

"झालं समाधान?"

"हे तुम्ही दिलेल्या हुकमाचं लिहिलंय, की पडद्याच्या जागेचं?"

"दोन्ही एकच."

"आमच्याकडे नाही."

मागे कुणीतरी हळूच म्हणालं, किल्ली आणलीये का बघा. दोघंतिघं हसले. ओदिलनं वळून बघितलं नाही. भिंतीपाशी नऊ लहान टीव्ही रांगेनं होते आणि सगळे काळे. पाहुण्यांच्या पायात येतात म्हणून त्यांच्या तारा सोमवारीच उपसून ठेवल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसली. बावन्न वर्षांची बाई, गालिच्याची कड उचलून तारा शोधते आहे, आणि नऊ जण उभे राहून बघत आहेत. एकानंही हात लावला नाही. हेही तिनं मनात लिहून ठेवलं.

पहिला टीव्ही लावला, काळा. दुसरा, काळा. असे सहा. सातव्यावर राखाडी उजेड आला, आणि बारा सेकंदांनी त्याच्या मधोमध एक पांढरा ठिपका चमकून गेला. पुन्हा बारा सेकंद. पुन्हा ठिपका.

होल्टकाम्प जवळ आला. "कॅमेऱ्यातला डाग असेल," तो म्हणाला. "किरणोत्सारानं असे डाग पडतात."

"बारा सेकंदांनी?"

तिनं फोन उचलला, रुजेरोला सांगितलं, थांब. ठिपका आला नाही. मिनिटभर थांबून सांगितलं, सोड. आला. असं तिनं तीन वेळा केलं. एकदा पुरलं असतं. पण तीन दिवसांचे तीन.

मग तिनं फेर्नांकाकांना फोन लावला. फेर्नांकाका दाबाच्या हवेचे फिटर होते. पडदे हवेच्या दाबानं आतबाहेर सरकतात आणि त्या नळ्या त्यांच्या ताब्यात. पन्नाशी उलटलेल्या ओदिललाही ते पोरी म्हणत, कारण लहानपणी तिला हाताला धरून त्यांनी बर्फातून शाळेत नेलं होतं. वीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून तिनं फोनचा कर्णा उघडा केला.

"पोरी, सातव्याचा कॉक बंद आहे. हवाच नाही त्याला. बटण दाबून काय होणार? बोंबललं तरी हलायचा नाही तो. लाल चिठ्ठी लटकवलीये इथे, सोमवारची. दुरुस्तीसाठी बंद केला म्हणे, सही होल्टकाम्पच्या माणसाची. कुणा गाढवानं पडदा आतच ठेवून कॉक बंद केला?"

"उघडा," ओदिल म्हणाली.

सातव्या टीव्हीवरचा ठिपका गेला. ती उठली, गुडघे झटकले आणि कुणाचाही निरोप न घेता निघाली. तिला वाटलं होतं की आता राग उतरेल. तो उतरला नाही. उलट नाक्यापर्यंत येता येता तिला एकेक गोष्ट आठवत गेली: कॉफी, हसणारे, 'तुमची तार जुनी', अहवालातलं नाव, आणि तिच्या लक्षात आलं की तिथे कुणी 'चुकलं' असा शब्दही काढला नाही.

ती आपल्या टेबलापाशी पोचली तोवर एक वाजून गेला होता. होल्टकाम्पचा फोन आला. आवाज अगदी मोकळा, जसं काही दोघांनी मिळून बागेत काम केलं होतं. सगळं तयार आहे, त्यानं सांगितलं, चाचणीचा पुंजका पाठवा, मग पूर्ण भरणी करू.

"नोंदवहीत काय लिहिलंत?" ओदिलनं विचारलं.

"ते नंतर..."

"वाचून दाखवा."

पान उलटल्याचा आवाज आला. मग त्यानं वाचलं: बारा चाळीस. पॉझिट्रॉनच्या झोताची अडचण दूर झाली.

ओदिलनं समोरच्या बटणांमधली किल्ली फिरवली आणि परवानगीचा हिरवा दिवा विझला. साठवणीच्या रिंगणातले पॉझिट्रॉन आता पुढे जाणार नव्हते. भरले की लोखंडी ठोकळ्यावर जाऊन मरणार होते, पुन्हा भरणार होते. साखळीत तेवढा एक हक्क पुरवणाऱ्यांचा होता. तयार नसू, तर नाही म्हणायचं. बावीस वर्षांत तिनं तो कधी रागानं वापरला नव्हता.

"माझी नोंद तयार नाही," ती म्हणाली. "तीन दिवस तुमच्या वहीत लिहिलंय, दोष इंजेक्टरचा, पाळीप्रमुख मार्मियो. सहा ठिकाणी. आता तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहा, पडदा कुणाचा होता, कॉक कुणी बंद केला, आणि पान बघून खात्री कुणी केली. नावानिशी. आणि मला फॅक्स करा."

"मादाम, हा बालिशपणा आहे. मंत्री पाऊण तासात येतायत."

"मग पेन लवकर शोधा."

पहिला फॅक्स एक वाजून वीस मिनिटांनी आला. त्यात लिहिलं होतं की बोगद्यातला एक पडदा तांत्रिक कारणानं आत राहिला होता. नाव नव्हतं. ओदिलनं फोन करून एवढंच सांगितलं की तांत्रिक कारण नावाचा माणूस आमच्याकडे कामाला नाही, आणि ठेवून दिला.

मग आर्मां आला. जिना धावत उतरल्यानं त्याला धाप लागली होती. तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि हळू बोलायला लागला. वरून तीन फोन आलेत. मंत्र्यांची गाडी निघालीये. तू बरोबर आहेस, सगळ्यांना ठाऊक आहे, मग आता ताणू नकोस, बैठकीत मी स्वतः सांगतो.

"सकाळी सांगायला हवं होतंस."

"सकाळी मला ठाऊक नव्हतं."

"चौदा कागद तुझ्या टेबलावर होते आर्मां. तुला तो उंचवटा वाचता येतो. तूच मला तो वाचायला शिकवलंस."

आर्मांचा चेहरा लाल झाला. त्याचा हात किल्लीकडे गेला. प्रमुख म्हणून तो ती फिरवू शकत होता. रुजेरो खुर्चीतून अर्धा उठला. ओदिल हलली नाही.

"फिरव," ती म्हणाली. "पण मग आपल्या वहीत मी लिहीन, परवानगी कुणी दिली आणि पाळीप्रमुख नको म्हणत असताना दिली. पेनानं."

हात किल्लीवर राहिला. खोलीत पंख्यांचा आवाज होता, आणि दर बारा सेकंदांनी भरणीचा टिक. आर्मांनं हात मागे घेतला, फोन उचलला, आणि ओदिलनं वीस वर्षांत न ऐकलेल्या आवाजात होल्टकाम्पला म्हणाला, "ती सांगतेय ते लिहा. मी तिच्या शेजारी बसलोय आणि मी उठणार नाहीये."

दुसरा फॅक्स एक छप्पन्नला आला. सातव्या पडद्याची हवा सोमवारी आमच्या पथकानं बंद केली, पडदा आत असताना. तो बाहेर असल्याची खात्री मी केवळ संगणकाच्या पानावरून केली. पॉझिट्रॉनचा झोत प्रथमपासून निर्दोष होता. वरच्या सहा नोंदी चुकीच्या आहेत. खाली पूर्ण नाव, सही. अक्षर इतकं दाबून लिहिलं होतं की फॅक्सवरसुद्धा कळत होतं.

ओदिलनं ते दोनदा वाचलं, मग किल्ली फिरवली. चाचणीचा पुंजका गेला आणि मोठ्या रिंगणात फिरत राहिला. मग दुसरा, मग पूर्ण भरणी. दोन वाजून अकरा मिनिटांनी फोनच्या कर्ण्यातून पलीकडच्या टाळ्या ऐकू आल्या. शंभरातले नव्वद टिकले होते. रुजेरोनं तिच्या खांद्यावर थाप मारली. तिनं आपल्या वहीत वेळ आणि आकडा लिहिला, आणि तीनला पाळी संपल्यावर घरी जाऊन रागारागानं अख्खं कुंपण कापून काढलं.

शुक्रवारची बैठक झालीच नाही. कागदपत्रांच्या विभागाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि संगणकही आला नाही, निदान त्या वर्षी. पण सोमवारी प्रत्येकाच्या टपालाच्या खणात छापील अहवाल पडला. ओदिलनं तो उभ्यानंच वाचला. मंत्र्यांच्या भेटीचं वर्णन, दोन फोटो, आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य: सुरुवातीला इंजेक्टरकडील पॉझिट्रॉनमध्ये काही अडचणी आल्या, परंतु डॉक्टर होल्टकाम्प यांच्या पथकानं त्यांवर मात केली.

ती छपाईच्या यंत्रापाशी गेली. खण एकशे चौदा होते. तिनं फॅक्सच्या पानाच्या एकशे चौदा प्रती काढल्या, आणि स्टेपलर घेऊन एकेका खणातला अहवाल बाहेर काढून तिसऱ्या पानावर एकेक टाचायला सुरुवात केली. लोक येत होते, आपापलं टपाल घेत होते, तिथेच थांबून वाचत होते. एकजण तेवढा शीळ घालून गेला.

साठाव्या खणापाशी आर्मां आला. त्यानं वाचलं, अहवालाकडे बघितलं, पुन्हा फॅक्सकडे.

"अजून गेला नाही का तुझा राग?"

"नाही," ओदिल म्हणाली. "ती वरची रांग माझ्या हाताला येत नाहीये."

आर्मांनं कोट काढला आणि तिच्या हातातून गठ्ठा घेतला.